हिरवं विरजण

बाहेर वाजिदच्या टेम्पोचा हॉर्न वाजला, तेव्हा भामाबाई शेणखताच्या ढिगावरचं ओलं पोतं उचलत होती. खाली हिरवीगार बुरशी धरली होती. पाऊस नाही, प्यायला टँकरचं पाणी. आख्ख्या शिवारात हिरवं म्हणावं असं एवढंच काय ते उरलं होतं.

"लई झाक धरलीय गं माय," पंचशीला म्हणाली. तिच्या हातात रिकामी गोणी होती.

पंचशीला भामाबाईची एकुलती एक लेक. दिली होती हदगावकडे. यंदा थोडाफार हरभरा पेरायचा होता, पण त्या रानात दरसाल मर यायची. रोगाचं नावच मर. नाव ठेवणाऱ्याने काही आडपडदा ठेवला नव्हता. उभं झाड मुळातून वाळायचं. त्या मातीतल्या वाईट बुरशीवर ही हिरवी बुरशी सोडायची, की काट्याने काटा निघतो. पहिल्यांदा दुकानातून आणलेल्या पुडीवरचं तिचं नाव भामाबाईच्या जिभेवर काही बसलं नाही. जुन्या ढिगातली मूठभर नव्या शेणखतात कालवली, वरून गुळाचं पाणी शिंपडलं, की सगळा ढीग हिरवा होतो, हे दिसल्यावर ती सरळ विरजणच म्हणायला लागली. आता सगळं गाव विरजण म्हणतं.

"त्या वाईट बुरशीला ही करती काय?" भामाबाईने विचारलं. तिला ठाऊक होतं. लेक बोलत राहावी म्हणून विचारलं.

"तिच्याभवती वेटोळं घालून बसती अन् हळूहळू खाऊन टाकती."

"म्हंजे सासूच की!"

पंचशीला खळखळून हसली. भामाबाईने ते हसू डोळे भरून पाहून घेतलं. दुपारी आल्यापासून पोरगी नुसती घाईत होती. भाकर खाल्ली तीही उभ्याने.

खरं म्हणजे ही पुडी हदगावच्या दुकानातही मिळते. लातूरच्या बाजारात हळद टाकायला निघालेल्या शेजारच्या वाजिदच्या टेम्पोत बसून, एवढ्या लांब शेणखत न्यायला कोणी येत नाही. भामाबाईच्या ते कधीच ध्यानात आलं होतं, पण तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर पोरीला खरं सांगावं लागलं असतं.

वाजिद आत आला, तांब्याभर पाणी प्यायला. "भाभी, निघायचं का? अंधार होऊन राहिलाय." मग भामाबाईकडे वळून म्हणाला, "मावशी, ऐकलं का? उदगीर जिल्हा होणार म्हणे. इकडं उदगीर, तिकडं आमचं किनवट. बाजारात सगळे तेच बोलून राहिलेत."

"होऊ दे की. नव्या जिल्ह्यानं लेकीचं गाव जवळ येतंय का?"

वाजिदने तांब्या खाली ठेवला. बाहेर जाऊन त्याने टेम्पो चालू केला.

"घमेलं दे माय," पंचशीला म्हणाली. "गेल्या गेल्या म्हशीचं बघायचंय. सासूबाईला उठवत न्हाई, पोरं एकटी हायत."

भामाबाई घमेलं घेऊन उभी राहिली. लग्न झाल्यापासून ही पोरगी आली, की अशीच वाऱ्यासारखी यायची आणि वाऱ्यासारखी जायची. भामाबाईला फार काही नको होतं. एक रात्र लेकीने शेजारी निजावं, झोपेत तिचा हात अंगावर पडावा, एवढंच. त्या एका रात्रीसाठी तिचा जीव तीळ तीळ तुटत होता. पण मागायचं कसं? शेजारणीकडे विरजण मागता येतं, पीठ मागता येतं. लेकीकडे रात्र मागायला तोंड होत नाही.

पंचशीलाने गोणीचं तोंड उघडून धरलं. भामाबाईने घमेलं खाली ठेवून दिलं.

"आज न्हाई मिळायचं."

"आं?"

"दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत न्हाईत. सकाळी घे."

पंचशीला बघतच राहिली. याच घरातून तिच्या आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव गोळा करून नदीत सोडले होते, आणि बौद्ध झाल्यावर पुन्हा मागे वळून पाहिलं नव्हतं. या घरात अमावास्येला नवं काम निघे, मांजर आडवी गेली तर तिला दूध मिळे. शेजारच्या सुमनबाईने एकदा संध्याकाळी मीठ द्यायला का-कू केली, तर याच भामाबाईने तिला दारात उभं राहून चांगलं ऐकवलं होतं.

"माय, आपल्यात कुठं हाय असलं?"

भामाबाईने ढिगावर ओलं पोतं पुन्हा ओढलं आणि उडू नये म्हणून त्याच्या कडेला एकेक दगड ठेवत राहिली. लेकीकडे तिने पाहिलं नाही.

कुंपणापलीकडे वाजिदने टेम्पो बंद केला. खाली उतरून तो म्हणाला, "मावशीचं बरोबर हाय, भाभी. मगरिबच्या नमाजानंतर आमच्यातबी न्हाई देत. माझा साडू हाय अहमदपुरात, त्याच्याकडं पडतो. सकाळी येतो न्यायला. घरी फोन करून सांगतो मी. म्हशीचं अन् पोरांचं आमच्या घरचे बघतील." आणि उत्तराची वाट न बघता टेम्पो फिरवून तो निघून गेला.

टेम्पोचा आवाज रस्त्याला लागला. मग पंचशीलाने गोणीची घडी घातली.

"खरं सांग माय. आपल्यात हाय का असलं?"

"न्हाई," भामाबाई म्हणाली. "आजच्यापुरतं हाय."