आणखी एक चक्कर

गाड्यांच्या दुकानातल्या पहिल्या गाडीत आई इतक्या सहज बसली, की तिची पंचाईतच झाली.

सीट बरोबर कमरेच्या उंचीला. पाठ टेकली, पाय आत घेतले, झालं. उतरतानाही तसंच. पाच महिन्यांपूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाईच्या मापानेच जणू ती गाडी बेतली होती. उंच, ऐसपैस, बालबच्च्यांच्या घराला साजेशी. रस्त्यात दर पाचवी गाडी तीच दिसते.

"मला नाही आवडली," आई म्हणाली. "टेम्पोत बसल्यासारखं वाटतं."

"तू टेम्पोत कधी बसलीस?" मुलाने विचारलं.

"घर बदललं तेव्हा. कपाटाशेजारी."

मुलगा हसला. बावन्न वर्षांचा, छापखान्यात फोरमन, नखांच्या कडांना कायमची शाई. हसता हसता त्याची नजर पलीकडे उभ्या दुसऱ्या गाडीकडे गेली. काळी, बुटकी, नाकावर तो बिल्ला. तीस वर्षं तो ज्या नजरेने त्या बिल्ल्याकडे बघत आला होता, ती नजर आईला पाठ होती. एकदा वडिलांचं आजारपण आडवं आलं, एकदा तिचा खुबा. आता निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. आज पहिल्यांदाच दोन्ही गाड्या आवाक्यात होत्या, आणि आजही आडवी येणार होती ती आईच.

"हे बघ आई," तो म्हणाला, "आठवड्यातून दोनदा तुला दवाखान्यात न्यायचंय. त्या काळ्या गाडीतून तुझी तू उतरलीस, तर ती घेऊ. नाहीतर ही. मला काही फरक पडत नाही."

फरक पडत नाही म्हणे. सकाळी त्याने बूट दोनदा पुसले होते.

काळ्या गाडीत बसायला आईला काहीच करावं लागलं नाही. ती वाकली आणि धपकन आत गेली. गुडघे वर आले आणि खुब्यातून अशी कळ उठली, की डोळ्यांपुढे अंधारी आली.

"वा," ती म्हणाली. "गादीच आहे अगदी."

दुकानातली विक्रेतीबाई मागे बसली. झोपलेल्या बाळाला उचलावं तशी मुलाने गाडी रस्त्यावर काढली. दुसऱ्या वळणावर तो गुणगुणायला लागला. त्याला असं गुणगुणताना शेवटचं कधी ऐकलं, हे आईला काही केल्या आठवेना.

चक्कर संपली. गाडी दुकानासमोर थांबली.

"चल, उतर बघू," मुलगा म्हणाला.

आईने दाराची कड धरून जोर लावला. कंबर तसूभरही हलली नाही.

"आणखी एक चक्कर मार ना," ती म्हणाली. "गार हवा छान लागतेय."

दुसरी चक्कर झाली. मग तिसरीही. तिसरीच्या आधी विक्रेतीबाई फोन आल्याचं सांगून उतरून गेली.

"आई, पेट्रोल त्यांचं आहे."

"मग तुझं काय जातंय?"

तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा विक्रेतीबाई दारातच उभी होती. मुलाने काच खाली केली. "आमच्या आई उठायलाच तयार नाहीत," तो म्हणाला. "म्हणजे तुमची गाडी पसंत पडलेली दिसतेय."

त्याचा चेहरा असा फुलला होता, की आईला तिकडे बघवेना. आता माघार घेण्याची सोय उरली नव्हती.

"तू आत जा," ती म्हणाली. "कुठले रंग मिळतात ते विचार. मी येते सावकाश."

"उतरशील ना?"

"न उतरायला काय झालं?"

तो आत गेला. आईने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून बाहेर ठेवला. मग उजवा. दार धरून ती पुढे झुकली आणि परत मागे पडली. पुन्हा झुकली, पुन्हा पडली. काचेपलीकडे मुलगा रंगांच्या पट्ट्या हातात घेऊन उभा होता. कुठल्याही क्षणी मागे वळला असता.

"ऊठ मेल्या," आई आपल्या खुब्याला म्हणाली. "एवढं एकदा ऊठ. मग जन्मभर नको उठूस."

तिने दात आवळले आणि उठली. अर्धी उठली. हात दारावरून निसटला आणि ती गाडीच्या अंगाला घासत घासत खाली फरशीवर आली. कोपर सोलवटलं. उतरली मात्र होती.

काचेचं दार धाडकन उघडलं. मुलगा धावत आला.

"चाकं बघतेय," तो जवळ पोचायच्या आतच आई म्हणाली. "जाड आहेत. चांगली आहेत."

मुलाने तिच्या कोपराकडे पाहिलं. मग तिच्या शेजारी फरशीवर बसला आणि चाकाकडे बघत राहिला. विक्रेतीबाई पाण्याचा पेला घेऊन आली आणि चार पावलांवरच थांबली.

"कुठे लागलंय?" त्याने विचारलं.

"कुठे नाही."

"आई, आपण दुसरीच घेऊ या. तीही चांगली आहे. मला खरंच काही..."

"मी उतरले ना?" आई म्हणाली. "माझी मी उतरले. कुणी हात दिला का मला?"

आईने त्याची बाही धरली आणि ओढली. त्याने तिचा हात सोडवायचा प्रयत्न केला, पण ती सोडेना.

"घे ना रे," ती म्हणाली, "घे ना," आणि दुकानासमोर फतकल मारून बसलेल्या हट्टी पोरीसारखी रडायला लागली.