बाकी सगळं गुप्त

"इथलं बोलणं इथेच राहतं," समुपदेशक मॅडम म्हणाल्या. "फक्त पेशंटच्या जिवाला धोका असेल, तर मला वर कळवावं लागतं. बाकी सगळं गुप्त."

आयसीयूतल्या मोठ्या ताईंनी मान डोलावली आणि तोंडाशी आलेलं गिळून टाकलं.

गिळलं ते: काल मी सलाईन समजून पोटॅशियम भरलं. सिरिंज नळीला लावली होती. का कोण जाणे, मान वळली, ट्रेमधली बाटली दिसली. तसंच शिरेत गेलं असतं, तर त्या पेशंट बाईचं हृदय जागच्या जागी थांबलं असतं.

बोलल्या ते: झोप नीट लागत नाही.

कर्मचारी साहाय्य केंद्र तळमजल्यावर, कँटीनच्या मागे. आयसीयूतल्या सिस्टर त्याला रडखोली म्हणतात. कुणी तिथून आली की आधी तिचे डोळे बघतात. ताई आयसीयूतल्या सगळ्यात जुन्या. त्या थट्टेत त्याही असायच्या.

घरी काही त्रास? मॅडमनी विचारलं. ताईंनी सगळं सासूबाईंच्या गुडघ्यांवर ढकललं. गुडघे सध्या ठणठणीत होते.

गिळलं ते: लेबलवरची अक्षरं सरकतात.

गिळलं ते: हे पहिल्यांदा नाही.

गिळलं ते: असंच कबूल करणारी एक सिस्टर आता धुलाई विभागात चादरी मोजते. तिच्याकडे बघून कुणी हसतसुद्धा नाही.

मॅडमनी सावकाश श्वास घ्यायला शिकवलं. ताईंनी घेतला. मग चार दिवस रजा मिळेल का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं.

मॅडम हसल्या. "मेट्रन सोडतील तुम्हाला? तुम्ही आहात म्हणून त्या निर्धास्त झोपतात."

ताईही हसल्या.

वर आल्या तर खिडकीजवळच्या आजोबांना इन्सुलिन द्यायचं होतं. अशी औषधं एकीने भरायची, दुसरीने बाटली आणि सिरिंज हातात घेऊन मोठ्याने वाचायची, मग दोघींनी सही करायची, असा आयसीयूचा नियम. ताईंनी भरलं. पुन्हा वाचलं. बरोबर वाटलं. आणखी एकदा वाचलं, तर खात्री वाटेना.

पलीकडच्या बेडवर एक सिस्टर पेशंटचं तोंड पुसत होती. ताई बाटली, सिरिंज आणि सहीचा कागद घेऊन तिच्याजवळ गेल्या.

"वाच गं जरा."

"कुणी भरलंय?"

"मी. पण तू नीट बघ, बाई. हातात घेऊन बघ."

"इश्श, तुमचं काय बघायचं, ताई?" ती म्हणाली आणि मागे न वळताच सहीच्या कागदासाठी हात लांबवला.