विरोधातला निवाडा

दुपारी तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी कायद्याच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या निशात मुलाणीने आपल्याच पक्षकाराच्या विरोधात जाणारा निवाडा अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात घातला. चार वाजता कामगार न्यायालयाचे निकालयंत्र अर्ज घेणे थांबवणार होते.

हे यंत्र दोन्ही बाजूंनी समोर ठेवले तेवढेच वाचते. हा पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा निवाडा समोरच्या बाजूच्या, म्हणजे वसतिगृहाच्या, वकिलाला सापडला नव्हता. त्यात अशाच एका कामगाराला काढून टाकणे योग्य ठरवले होते.

"अगं, तू माझी वकील का त्यांची?" मंदाबाई शेंडे म्हणाल्या. एकोणीस वर्षे वसतिगृहाचा स्वयंपाक केल्यावर त्यांना कामावरून काढले होते. नोकरी परत मिळवण्याची ही शेवटची संधी होती. "काढून टाक ते. कुणाला कळणारे?"

"मला कळलंय, मावशी."

कायदेशीर लेखन शिकवणाऱ्या गव्हाणे मॅडम शेजारीच बसल्या होत्या. "सापडलं ते लिहायचं," त्या म्हणाल्या. "आणि अडचणीच्या जागी वाक्यं लहान ठेवायची."

निशातने लिहिले: 'त्या कामगाराला लेखी नोटीस मिळाली होती. मंदाबाईंना मिळाली नाही. त्या सकाळी कामावर आल्या, तेव्हा स्वयंपाकघराला नवे कुलूप होते.'

मंदाबाईंनी ते दोनदा वाचले. "अस्संच झालं होतं," त्या म्हणाल्या. "एकदम, धाडकन."

अर्ज तीन अठ्ठावन्नला गेला. यंत्र अकरा मिनिटांत निकाल देते. या वेळी, सहा वर्षांत प्रथमच, जुना निवाडा इथे लागू होतो का हे ठरवता न आल्याने त्याने प्रकरण माणूस न्यायाधीशाकडे पाठवले. न्यायाधीशांनी मंदाबाईंना सोमवारी बोलावले आहे, आणि वसतिगृहाला ते कुलूप घेऊन यायला सांगितले आहे.