भट्टीचा वाटा

"ही मावत नाही," मुलगी म्हणाली.

ओंजळ तिने तशीच पुढे धरली होती. ओंजळीत ओल्या फडक्यावर मातीची परी, गुडघे पोटाशी घेऊन निजलेली. पण तिचं डोकं पार मनगटावर गेलं होतं आणि दुमडलेले पाय बोटांवरून बाहेर आले होते.

 भट्टीत घालण्याआधी गिऱ्हाइकाला बाहुली दाखवायची नाही, हे बाहुलीवालीने आजवर कसोशीने पाळलं होतं. या खेपेला मोडलं, ते नाकापायी. चिनी माती एकदा भाजून पक्की झाली की बाहुलीचं नाक कुणाच्या बापाला हलवता येत नाही. आणि या नाकात तिला चूक नको होती.

एरवी तिच्या बाहुल्या करंगळीएवढ्या. जलपऱ्या, शिंगं फुटलेली पोरं, पोट सुटलेले बुटके राक्षस. सगळं गणगोत फडताळाच्या एका फळीवर सुखाने नांदायचं. भुवया काढायचा कुंचला इतका बारीक की शिंक आली तर हरवायचा. नवरा म्हणायचा, "घरात एवढी प्रजा, पण माणूस म्हणून एक धड नाही!" ते खरंच होतं. जगात जे कधी नव्हतंच, त्याचीच बाहुली करायची, असा तिचा नियम होता. मागे एकीला तिच्या गेलेल्या नवऱ्याची बाहुली करून दिली, तर ती दर आठवड्याला नाक बदलायला हजर. परीचं नाक कुणी पाहिलेलं नसतं. कटकट नाही.

हे सगळं तिने या मुलीलाही ऐकवलं होतं, ती नणंदेला घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा. मुलीने ऐकून घेतलं. मग दोन्ही हात जोडून ओंजळ केली.

"एवढ्यात मावायची, मावशी. दिवस भरायच्या फार आधी झाली. श्वास घेतला तिने, पण पुरला नाही."

"अगं, पण मी खऱ्या माणसांच्या करत नाही."

"मग हिची चालेल तुम्हाला. घरात सगळे म्हणतात, ती झालीच नाही असं समज." ओंजळ न सोडता ती म्हणाली, "हवं तर पंख लावा."

 बाहुलीवालीने पंख लावले. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ. धड आतून कोरून पोकळ केलं, नाहीतर भट्टीत फुटतं. मुलीने सांगितलं तसं नाक केलं, जरा बसकं, शेंड्याला किंचित वर उचललेलं. इतकी मोठी बाहुली तिने जन्मात केली नव्हती. काम चालू असताना नवरा येता-जाता नुसता परीवरचं ओलं फडकं नीट करून जायचा.

आणि आता ही म्हणते, मावत नाही.

"वहिनी, मोठी झाली तर बरंच की," आजही बरोबर आलेली नणंद मधे पडली. "छान भरलेली दिसतेय. मावशींनी हौसेनं केलीय."

"हौस कसली डोंबलाची!" बाहुलीवाली म्हणाली. "ही माती भट्टीत आकसते. सहा बोटं घाला, पाच हाती येतात. भट्टी आपला वाटा घेतल्याशिवाय काही सोडत नाही. म्हणून आधीच मोठी करावी लागते." मग तिने आवाज खाली आणला. "घाबरू नकोस, पोरी. भाजून निघाली की बरोब्बर तुझ्या ओंजळीत बसेल. तू दाखवलीस तेवढीच. तसूभर इकडे नाही की तिकडे नाही."

असे अंदाज बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मुलीच्या चेहऱ्यावर आता हुश्श दिसेल म्हणून ती बघत राहिली.

मुलगी परीकडे बघत होती. ओंजळीत मावेना, तसं तिने परीला अलगद कुशीत घेतलं. डोकं कोपराच्या खळग्यात ठेवलं. तिथे ते नीट बसलं.

"मग भाजू नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"अशीच द्या."

"नाक चुकलंय का?"

"नाक तिचंच आहे."

"अगं बाई, कच्ची माती ही!" बाहुलीवाली म्हणाली. "पंख तर तू घरी पोचेस्तोवर झडतील. वाळली की तडे जातील. पाण्याचा थेंब पडला तरी विरघळेल. टिकायची नाही गं ही."

"ऐकलंस ना, वहिनी?" नणंदेने हात पुढे केला. "दे त्यांच्याकडे. मग रडत बसशील, आणि आई मलाच बोलेल."

मुलीने खांदा वळवून परी आडोशाला घेतली.

"नाही टिकली तरी चालेल."

"असं काय करतेस? भाजली की जन्मभर राहील तुझ्यापाशी," बाहुलीवाली काकुळतीला आली. "होती तेवढीच्या तेवढी."

मुलीने ओलं फडकं परीच्या पाठीखाली सारखं केलं. पंख दुमडणार नाहीत असं.

"डॉक्टर म्हणाले होते," ती म्हणाली, "एवढी झाली असती तर वाचली असती."