बाबांचा टॉवेल

"गाण्यातून माझी ओळ काढ. आज, माझ्यासमोर," लेक म्हणाली आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता स्टुडिओच्या दारातच उभी राहिली.

आई म्हणजे एके काळी जिच्या गाण्यांवर कॉलेजच्या कॉलेजं नाचली ती गायिका. काचेसमोर बसून ती वीस वर्षांपूर्वीचा आपलाच अल्बम ऐकत होती. कंपनीला तो नव्याने बाजारात आणायचा होता, आणि तेव्हाचाच रेकॉर्डिस्ट शेजारी बसून त्याची साफसफाई करत होता. नवरा वारल्यावर बाईंनी बराच काळ तोंडातून सूर काढला नव्हता. परत आल्या त्या हा अल्बम घेऊन. नाचगाणी गेली, घरातलं दुःख आलं, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. त्यातल्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं धृपद एवढंच होतं: बाबांचा टॉवेल धुवायला टाकू का?

हे वाक्य लेकीचं. आठ वर्षांची असताना तिने बाथरूमच्या दारात उभं राहून आईला विचारलेलं. मग ते बसमध्ये, दुकानांत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, जिथे तिथे वाजायला लागलं आणि शाळेत तिचं नाव टॉवेल पडलं. कॉलेजातही तेच. आता ती दातांची डॉक्टर झाली आहे, स्वतःचा दवाखाना आहे, तरी परवा एका पेशंटने दाढेवर काम चालू असताना तेच गाणं गुणगुणायला घेतलं. तोंडाचा आ वासलेला असताना माणसाला गुणगुणता येत नाही, असा आपला समज. त्या गृहस्थाने करून दाखवलं. संध्याकाळी अल्बमची बातमी वाचली आणि तिचं डोकंच फिरलं.

रेकॉर्डिस्टने समजावून पाहिलं. ती ओळ गेली तर गाण्यात उरतं काय, लोक आम्हाला जोड्याने मारतील, असं बरंच काही तो बोलला. आईने मध्येच हात वर केला.

"काढा."

"ताई, अहो..."

"काढा म्हटलं ना. तिची आहे ती."

आवाज वेगळ्या ट्रॅकवर होता, त्यामुळे काम काही अवघड नव्हतं. पुटपुटत का होईना, त्याने केलं आणि गाणं लावलं. गिटार सुरू झाली, पाठोपाठ आईचा तरुण आवाज आला, आणि ओळीची जागा आली तेव्हा नुसती गिटार पुढे गेली. हसऱ्या तोंडातला पुढचाच दात पडलेला असावा, तसं ते गाणं वाटायला लागलं.

"झालं मनासारखं?" आईने विचारलं. त्यात टोमणा नव्हता.

व्हायला हवं होतं. लेक घरून कंबर कसून निघाली होती, वाटेत आईची सगळी उत्तरं खोडून झाली होती, आणि आईने भांडणच केलं नाही. तिला उलट जास्तच राग आला. खरं काय सलत होतं, ते आता तिला बोलायलाच लागणार होतं.

"त्या दिवशी तू काही बोलली नाहीस. दार लावून घेतलंस. मी बाहेर उभीच."

"उत्तर दिलंय गं मी. शेवटच्या कडव्यात आहे."

"मी गाण्याला विचारलं नव्हतं, आई. तुला विचारलं होतं."

शेवटचं कडवं तिने कधी ऐकलंच नव्हतं. पहिली ओळ कानावर पडली की एक तर गाणं बंद व्हायचं, नाहीतर ती खोलीतून उठून जायची. आणि आईची ही जन्माची खोड. नवऱ्याची माफी मागायची तर चाल लावून, लेकीचे लाड करायचे तर चाल लावून. साधं, सरळ, चहाच्या कपासमोर बसून बोलणं या बाईला कधी जमलं नाही. आत्ताही तिच्या घशात सूर जुळायला लागला होता.

"गाऊ नकोस," लेक म्हणाली. "बोल."

आईने तोंड मिटलं. गळ्यातले हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"नको टाकूस, असं म्हणायचं होतं. मी रोज रात्री त्यात तोंड खुपसून रडायचे. ते तुला कळू नये म्हणून गप्प बसले."

"मला माहीत होतं," लेक म्हणाली. "तो टॉवेल वापरायला घरात कुणी नव्हतं. तरी रोज सकाळी ओला असायचा. म्हणून तर विचारलं."

रेकॉर्डिस्टने एक वायर काढली, पुसली आणि परत होती तिथेच लावली. आईने लेकीकडे पाहिलं, आणि तिला रडू आलं. या वेळी तिने तोंड लपवलं नाही.

लेकीने पर्स खाली ठेवली, खुर्ची ओढून आईला खेटून बसली.

"काका, ओळ परत घाला," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून लावा."

तिघांनी गाणं ऐकलं. शेवटच्या कडव्यापर्यंत. मग लेकीने टेबलावरचं अल्बमचं जुनं कव्हर उचललं, उलटं करून बारीक अक्षरं वाचली आणि रेकॉर्डिस्टपुढे ठेवलं.

"इथे गीतकार म्हणून आईचं एकटीचंच नाव आहे. त्याच्या शेजारी माझं घालायला सांगा. खरं नाव. टॉवेल नको."