शनिवारचे ब्रेक

गाडी पुन्हा डावीकडेच ओढली गेली. क्रिकेटच्या मैदानामागच्या रिकाम्या रस्त्यावर मर्व्ह हॅलिननने ब्रेक दाबला आणि छप्पन सालची ती हिरवी गाडी, सहा वर्षं जात होती तशी, इमानेइतबारे डावीकडच्या गवतात जाऊन थांबली.

"उजवं पुढचं चाक," मागून क्लॅरी म्हणाला. हा निवृत्त हेडमास्तर. ब्रेकची स्वतंत्र वही ठेवायचा. "दोन टक आवळ."

"तीन!" त्याच्या शेजारचा स्टाव्रॉस ओरडला. त्याने उभा जन्म मासे तळण्यात घालवला होता, पण ब्रेकच्या बाबतीत तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

"अरे लेकांनो, दोष गाडीत नाहीच. रस्ताच उतरता आहे," ट्रेव्हर म्हणाला. हेच तो आजवर सात रस्त्यांवर म्हणाला होता.

जुन्या गाड्यांच्या क्लबचे हे चारच सभासद. चौघांत गाडी एक, पदं मात्र चार. मर्व्ह अध्यक्ष, कारण गाडी त्याची. दर शनिवारी दहा वाजता त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये चाक उतरायचं. चाकामागे ब्रेकचा गोल डबा, म्हणजे ड्रम, आणि त्याच्या आत एक दातेरी चकती असते. स्क्रू-ड्रायव्हरने ती ढकलली की दर दात्याला 'टक' होतं आणि ब्रेकची पट्टी ड्रमच्या केसभर जवळ येते. किती टक, यावर तीन तास भांडण. मग चहा, खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक, आणि 'पुढच्या शनिवारी बघू'. बायको, जॉइस, गेल्यापासून बाकीचे सहा दिवस मर्व्ह फक्त रेडिओशी बोलत असे.

त्या दिवशी चाक उतरवून चौघे चहाला बसले होते. शेजारच्या संत्र्याच्या बागेत ट्रॅक्टर दुरुस्त करायला आलेला सिओने पाणी मागायला आत आला. पाणी पिता पिता त्याने उघड्या चाकात डोकावलं.

"काका, या दोन पट्ट्या उलट्या बसल्यात. आखूड पुढे पाहिजे, लांब मागे. कोणी बसवल्या?"

चौघांनीही छताचे पत्रे मोजायला घेतले. सिओनेने पंधरा मिनिटांत पट्ट्या बदलल्या, एक लॅमिंग्टन तोंडात टाकला आणि तो गेला.

गाडी नाकासमोर थांबली. पुन्हा दाबून पाहिलं, पुन्हा नाकासमोर. ट्रेव्हरने खाली उतरून रस्त्याचा उतार शोधला. सापडला नाही.

"झालं मग," क्लॅरीने वही मिटली.

"मग पुढच्या शनिवारी…" स्टाव्रॉस म्हणाला.

"पुढच्या शनिवारी काय?" ट्रेव्हरने विचारलं. उरलेला चहा तसाच टाकून तिघे घरी गेले.

रविवार मर्व्हने कसाबसा काढला. सोमवारी सकाळी, सुरक्षेवर तासन्‌तास भाषणं देणारा हा अध्यक्ष स्वतःच्याच शेडमध्ये चोरासारखा शिरला, उजव्या पुढच्या चाकाखाली आडवा झाला आणि त्याने दोन टक सैल केले. दोनच. जीव जाऊ नये, पण गाडी डावीकडे जावी. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि बऱ्याच दिवसांनी भूकही लागली.

बुधवारी तो डोळे तपासायला शहरात गेला. शेडला कुलूप लावायची पद्धत त्या गावात नव्हतीच. शुक्रवारी त्याने एकेकाला फोन लावला. "अरे, ब्रेक जरा…" एवढंच म्हणायचा अवकाश, तिघेही, तीन वेगवेगळ्या फोनवर, म्हणाले, "मला वाटलंच होतं! येतो दहाला."

शनिवारी ब्रेक दाबताच गाडी गवतात थांबली नाही. गवत ओलांडून मैदानाचं पांढरं कुंपण तोडून थेट सीमारेषेच्या आत घुसली. चौघेही धडधाकट उतरले. उताराबद्दल ट्रेव्हर अवाक्षर बोलला नाही.

गाडी हळूहळू शेडमध्ये आणली. मर्व्ह चाकाशी बसला.

"दोन टक," क्लॅरी घाईघाईने म्हणाला.

"दोनच," स्टाव्रॉस म्हणाला.

"मलाही दोनच वाटतात," ट्रेव्हर म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदाच क्लबचं एकमत झालं होतं. मर्व्हने दोन टक आवळले. चाक अजून भिंगरीसारखं मोकळं फिरत होतं. त्याने आणखी दोन आवळले. क्लॅरीने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. सहा. स्टाव्रॉसला एकदम किटलीची आठवण झाली. ट्रेव्हर शेडच्या जमिनीचा उतार बघू लागला.

आठव्या टकला पट्टी ड्रमला लागली.