शंभर वॅटचा ताप

“नाक तेवढं जागं ठेव, आये!” रुडॉल्फ आईच्या कानाशी ओरडला. मग आपण कोणाच्या कानाशी ओरडतोय हे आठवून त्याने आपल्या नाकाला बोट लावलं, खिशातला पांढरा रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि तो हात वर करून दाखवला. जळका वास आला की रुमाल वर.

एमिलिया म्हातारीने मान डोलावली. चार वर्षांपूर्वी तिचे कान गेले ते गेलेच; पण नाक असं, की दोन गल्ल्या सोडून कोणाची भाजी करपली तर ही घरात बसून सांगायची, आणि भाजी कोणती तेही.

ती बसली होती चंदू कोळ्याच्या मारुती व्हॅनमध्ये, मागच्या सीटवर आडवी. मांडीला लागून लाकडी खोकं. खोक्यात वूफर उलटा बसवलेला: तोंड आत आणि चुंबकाची जाडजूड पाठ बाहेर, म्हणजे चुंबकाला वारा लागेल. वूफरवर छापलं होतं शंभर वॅट. रुडॉल्फने त्याला जोडला होता तीनशेचा अ‍ॅम्प्लिफायर.

“शंभराच्या पोटात तीनशे?” चंदू म्हणाला. “फुटेल रे तो. आणि मग माझी गाडी!”

खोपटच्या डेपोसमोर गाड्यांत टेप बसवण्यात रुडॉल्फची बारा वर्षं गेलेली. “ताकदीने नाय मरत तो,” तो म्हणाला. “अ‍ॅम्प्लिफायर छोटा असला की दमतो. दमला की आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज वूफरला जाळतो. मोठ्याला दम लागत नाय. फक्त त्याला पिळायचा नाय.”

त्याने पुढच्या सीटजवळचं आवाजाचं बटण दाखवलं. बटणाशेजारी त्याच्या लेकीच्या, जुलियाच्या नेलपॉलिशची लाल रेघ होती. “हिच्या पुढे कोण गेला, तो माझा कोण नाय.”

“आणि तुझा मेहुणा? आर्थर सकाळपासून दोन ग्लास पुढे आहे. त्याला रेघ दिसते का?”

“दिसते की. दोन-दोन दिसतात.”

उद्या जुलियाचं लग्न. आज उंबराचं पाणी: विहिरीवरून कळशी भरून वाजतगाजत आणायची आणि त्या पाण्याने नवरीला आंघोळ घालायची. वाजवायला ब्रास बँड मिळत होता. पण रुडॉल्फने तो सांगितला नव्हता. नातीच्या पाण्याला म्हातारीला घुमट, मडक्यावर कातडं ताणलेलं ते जुनं वाद्य, ऐकू आलं पाहिजे, एवढा एकच हट्ट त्याने धरला होता. आणि ज्याला कान नाहीत त्याला बँड काय, नि बेंजो काय.

त्याने घुमटाची कॅसेट लावली. पहिला ठोका पडला.

एमिलियाचा हात पोटावर गेला. दुसरा ठोका पडला. तिने आधी खोक्याकडे पाहिलं, मग मुलाकडे.

“पोटात वाजतंय रे,” ती म्हणाली. “घुमट हाय!”

रुडॉल्फ वळला आणि आधीच घट्ट असलेला एक स्क्रू आवळत बसला.

जाताना सगळं ठीक चाललं. विहिरीवर कळशी भरली. घरातली सगळ्यांत मोठी म्हणून एमिलियाकडे ती दिली; गुडघ्यांमुळे तिने ती व्हॅनमध्येच पायांशी धरली. नवरीचा बाप म्हणून रुडॉल्फला बायकांच्या पुढे चालणं भाग होतं. तो दहा पावलं चालायचा आणि एकदा मागे बघायचा. व्हॅनच्या काचेत म्हातारीची मान ठेक्यावर हलत होती. रुमाल काही वर नव्हता.

अर्ध्या वाटेवर घुमट एकाएकी मोठं झालं. किती मोठं? रुडॉल्फच्या सदऱ्याची बटणं आपोआप निघाली. कौलं एक एक वीत खाली सरकली. उंबरावरचे कावळे उठले ते थेट शीळफाट्याला जाऊन बसले. तिथल्या लोकांनी पाहिलेत. बायका मात्र अशा नाचल्या, की ज्यांना चालवत नव्हतं त्याही पुढे निघून गेल्या.  रुडॉल्फने मागे पाहिलं. रुमाल नाही. पुन्हा पाहिलं. नाही.

मांडवात शिरताच तो व्हॅनकडे पळत सुटला. बटण रेघेच्या कुठल्या कुठे पुढे गेलं होतं. पुढच्या सीटवरून आर्थर हसत होता.

“भावजी, पब्लिक आवाज मागत होती!”

रुडॉल्फने आधी बटण मागे आणलं. मग चटका बसणारच असं धरून चुंबकावर तळवा टेकला.

तळवा गार कापडावर पडला.

तो पांढरा रुमाल होता, ओलाचिंब, चार घड्या घालून नीट ठेवलेला. खाली चंदूच्या गाडीत घोट्याएवढं पाणी साचलं होतं. वूफर खणखणीत वाजत होता.

रुडॉल्फने आईकडे बघून नाकाला बोट लावलं आणि भुवया उडवल्या.

“आला ना वास,” एमिलिया म्हणाली. “अर्ध्या वाटेपासून येत होता. रुमाल वर केला असता, तर तू बंद केला असतास.”

तेवढ्यात रुडॉल्फची बायको कळशी न्यायला आली आणि आत डोकावून किंचाळली, “अगो बाय! उंबराचं पाणी अर्धं कुठे गेलं?”

म्हातारीला ऐकू आलं नाही. तिने रुमाल उचलला, पिळला, पुन्हा कळशीत बुडवला, आणि तान्ह्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा चुंबकावर ठेवला. वर हळूच थोपटलं.

“ताप उतरत आलाय,” ती म्हणाली. “लाव अजून एक.”